डिक्कीत पाणी साचतं, पण शिरतं कुठून?

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मी चांदूरबाजार तालुक्यातला संत्रा बागायतदार. माझ्याकडे अठरा वर्षांची डिझेल स्टेशन वॅगन आहे. सेकंडहँड घेतली, त्याला नऊ वर्षं झाली. यंदा मृग लागल्यापासून गाडीत पाणी येऊन राहिलं. डिक्कीतलं कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खड्ड्यात दोन-अडीच लिटर पाणी निघालं. मागच्या डाव्या सीटसमोरची मॅटही ओली असते. चिखलदऱ्याचा घाट चढताना मागे पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. दोन ठिकाणी गाडी दाखवली, दोघांनीही मागच्या दरवाज्याच्या रबराभोवती सिलिकॉन मारून दिलं. काही फरक नाही. वास असा की घरची मंडळी बसायला तयार नाहीत. त्यात मागचा डावा लाइटही मधूनमधून बंद पडतो. गाडी काढून टाकावी का?

उत्तर : भाऊ, गाडी काढू नका. दहा-बारा क्रेट सहज घेणारी आणि तरी कारसारखी रस्ता धरून चालणारी गाडी आता शोधूनही सापडत नाही. स्टेशन वॅगन म्हणजे छत थेट मागच्या दरवाज्यापर्यंत गेलेली, डिक्की वेगळी बाहेर न निघालेली गाडी; आपल्या देशात त्या मुळातच मोजक्या आल्या. टाटांची इस्टेट १९९२ मध्ये आली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, २००४ मध्ये इंडिगो मरिना, आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी. गिऱ्हाईकाला डिक्की वेगळी बाहेर निघालेली गाडी हवी असायची, म्हणून या फारशा खपल्या नाहीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जपाव्यात असं माझं मनापासून मत आहे. तुमच्या पत्रात गाडीचं नाव आहे, ते मी छापत नाही. अठरा उन्हाळे काढलेल्या कोणत्याही कंपनीच्या गाडीत पाणी शिरू शकतं. ४५-४६ अंशांत दरवर्षी भाजून निघालेलं रबर कडक होणारच.

आता मुद्द्याचं. पाणी जिथे दिसतं तिथून ते शिरलेलं असतंच असं नाही, आणि वॅगनमध्ये तर बहुतेक वेळा नसतंच. छत लांब, आत सलग मोकळी जागा, वायरिंग पुढून पार मागच्या दरवाज्यापर्यंत गेलेलं. पाणी एका टोकाला शिरतं, पत्र्याच्या आतून, वायरीवरून सरकत जातं आणि सगळ्यात खोल जागा सापडली की तिथे बसतं. ती जागा म्हणजे स्टेपनीचा खड्डा. तुमच्या दोन्ही कारागिरांनी साचलेलं पाणी पाहिलं आणि सगळ्यात जवळचं रबर बुजवलं.

हे मी अधिकारानं सांगतो, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे. परतवाड्यात गॅरेज टाकल्यावर सुरुवातीच्या वर्षांत एका डॉक्टरांची वॅगन माझ्याकडे आली होती. तीच तक्रार, खड्ड्यात पाणी. मी मागच्या दरवाज्याला तीनदा सिलिकॉन मारलं. तिन्ही वेळा पैसे घेतले, तिन्ही वेळा गाडी परत आली. चौथ्यांदा मी पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं आणि मागचं सगळं सामान उघडलं. छताचं कापड मागच्या कडेनं खाली उतरवलं, बॅटरी घेऊन डिक्कीत उताणा झोपलो आणि पोराला स्टुलावर उभं करून झारीनं छतावर पाणी टाकायला लावलं. बराच वेळ काही नाही. मग छतावरच्या कॅरियरच्या पट्टीचा जो बोल्ट पत्र्यातून आत येतो, त्याच्या टोकाला एक थेंब धरला. तो खाली पडला नाही. वायरिंगच्या काळ्या टेपला टेकला, लांबट झाला आणि टेपवरून हळूहळू मागे सरकला. मागच्या खांबापाशी पोचला, आत उतरला, दिसेनासा झाला. थोड्या वेळानं माझ्या पाठीखाली, खड्ड्यात, टप्पकन आवाज आला. दरवाज्याच्या रबराचा त्या पाण्याशी काही संबंधच नव्हता. बोल्टखालचा जेमतेम नाण्याएवढा वॉशर फाटला होता.

म्हणून तुमच्या गाडीला कोणी हात लावण्याआधी पाण्याची वाट शोधायची. ते काम घरी होतं, घाई मात्र चालत नाही.

पहिलं काम, गाडी कोरडी करणं. ओल्या गाडीत नवं पाणी ओळखू येत नाही. नुसतं कार्पेट पुसून भागत नाही, त्याच्याखाली जाड स्पंज असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. वास त्याचाच आहे. सीट काढाव्या लागल्या तर आधी इंजिनाजवळच्या, गाडीच्या बॅटरीची तार काढा. सीटखाली पिवळ्या वायरी किंवा पिवळे सॉकेट दिसले तर ते एअरबॅगचे समजा आणि तेवढं काम माहितगाराकडून करून घ्या. स्पंज बाहेर काढून उन्हात टाका. ऊन नसेल तर घरातला कूलर पाणी न भरता डिक्कीसमोर लावा, चारही दारं उघडी ठेवा आणि दिवसभर चालू द्या. यासाठी त्याच्याएवढं चांगलं यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

कोरडं झालं की पाणी टाकण्याआधी धूळ बघा. चालत्या वॅगनच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि फटीतून धूळ आत ओढली जाते. आपल्या पांदण रस्त्यांची धूळ इथे उपयोगी पडते. मागचा दरवाजा उघडा आणि रबर जिथे टेकतं तो पत्रा सावकाश न्याहाळा. रबर नीट टेकत असेल तर त्याच्या आतली बाजू स्वच्छ असते. जिथे फट आहे तिथे धुळीची बारीक रेघ रबर ओलांडून आत गेलेली दिसेल. ही रेघ पुसू नका, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तुम्ही क्रेट चढवता-उतरवता, तेव्हा खालच्या कडेचं रबर नक्की घासलं असणार. आंबिया बहाराच्या हंगामात माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांचं खालचं रबर चेपलेलंच असतं. तिथून धूळ आणि चाकांनी उडवलेलं पाणी येतं. उभ्या गाडीत पावसाचं पाणी शिरत असेल, तर संशय वर आणि बाजूंना घ्यायचा.

मग कागदाची परीक्षा. पोस्टकार्डाच्या रुंदीची कागदाची पट्टी रबरावर ठेवून दरवाजा लावा आणि पट्टी ओढा. अडखळत निघाली तर रबर ठीक, सहज सुटली तर तिथे दाब नाही. वीतभर अंतरानं सगळीकडे करा. रात्री एकानं आत बसून बॅटरी रबराच्या कडेनं फिरवायची आणि दुसऱ्यानं बाहेरून उजेड कुठे फुटतो ते बघायचं, हेही करून बघा. पोरांना हे काम फार आवडतं.

आता पाणी. नळी घ्या, तिचं तोंड मोकळं ठेवा, धार मंद. सर्व्हिस सेंटरवरचा प्रेशरचा पंप नको. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो आणि तुम्हाला भलत्याच वाटेला लावतो. फवारणीचा पंप तर मुळीच वापरू नका, कितीही धुतलेला असो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. ज्या बंद डब्यात लेकरं बसतात, तिथे त्या पंपाचा एक थेंबही जायला नको.

सुरुवात खालून करायची आणि वर चढत जायचं. हा क्रम मोडला तर सगळी मेहनत वाया. वरून सुरुवात केली की पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि कोणत्या फटीनं आत घेतलं ते कळत नाही. एक माणूस आत, बॅटरी घेऊन. आधी बंपर आणि दरवाज्याची खालची कड, मग लाइटांची कड, मग बाजूच्या बंद काचा, मग मागच्या दरवाज्याचे बिजागर आणि वरची कड, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. आत संशयाच्या जागी खडूची पूड लावून ठेवा. पाणी तिच्यावरून गेलं की आपली वाट स्वतःच काढून दाखवतं. रांगोळी नको, ती रंगाला ओरखडे पाडते.

तुमच्या पत्रावरून माझा अंदाज असा, की गाडीत एक नाही, दोन वेगवेगळ्या वाटा आहेत.

खड्ड्यातल्या पाण्यासाठी मी पहिला संशय मागच्या डाव्या लाइटवर घेईन. तो मधूनमधून बंद पडतो, ही मोठी खूण आहे. लाइट आणि पत्रा यांच्यामध्ये फोमचं गॅस्केट असतं. इतक्या वर्षांत ते पापडासारखं चपटं होतं, मग पाणी वायरीच्या सॉकेटवरून आत उतरतं. आतले नट काढून लाइट बाहेर घ्या. सॉकेटच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर निदान जवळजवळ पक्कं. थर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, पत्रा पुसून कोरडा करा आणि नवं गॅस्केट बसवा. नवं मिळत नसेल तर ब्युटिलची दोरी मिळते, काळी, चिंगमसारखी, कधीच कडक न होणारी. ती लाइटच्या कडेनं सलग फिरवा, जोड खालच्या बाजूला येऊ द्या. नट थोडेथोडे, समोरासमोरचे आवळा. जोर लावला तर जुनं प्लॅस्टिक तडकतं.

लाइट निर्दोष निघाला तर मग छताच्या पट्टीचे बोल्ट, अँटेनाचं बूड, मागच्या दरवाज्याच्या वरचा तिसरा ब्रेकलाइट आणि छतातून दरवाज्यात वायरी जातात तिथली रबरी नळी. दरवाजा हजारो वेळा उघडतो-लागतो, ती नळी वाकून वाकून तडकते. तिच्यातूनच बहुधा मागच्या वायपरला पाणी देणारी बारीक नळीही जाते. ती सांध्यातून निसटली असेल तर बटण दाबलं की टाकीतलं पाणी काचेवर न येता छताच्या कापडात जातं. टाकीत चिमूटभर नीळ टाका, बटण दाबा आणि आत निळा डाग येतो का पाहा. कापड फिक्या रंगाचं असेल तर आधी ते उतरवून घ्या, नाहीतर डाग कायमचा.

एक जागा भले भले कारागीर विसरतात. अनेक गाड्यांत मागच्या बंपरच्या आत, दोन्ही बाजूंना, हवा बाहेर जाण्यासाठी रबरी पडद्यांच्या खिडक्या असतात. दारं लावताना कान दडपत नाहीत ते यांच्यामुळे. त्यांच्या कडेचं रबर गेलं तर उभ्या गाडीत थेंब येत नाही, पण पावसात रस्त्यावर चालवली की चाकांचं पाणी आत येतं. म्हणून गाडी अंगणात उभी असताना पाणी वाढतं की प्रवासातच वाढतं, हे आठवडाभर वहीत लिहून ठेवा.

आता ओली मॅट. हे पाणी मागच्या डाव्या दारातून येत असावं. दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाही, ते प्रत्येक गाडीत जातं. काच आणि बाहेरचं रबर यांच्यामधून उतरतं आणि दाराच्या तळाच्या छिद्रांतून खाली पडतं. ती छिद्रं मातीनं बुजली की दाराचा हौद होतो. खराट्याची काडी घालून बघा, भळकन पाणी आलं तर तेच. पण मला जास्त संशय आतल्या प्लॅस्टिक शीटचा आहे. दाराचं पॅड काढलं की त्यामागे पत्र्याला चिकटवलेली शीट दिसते. पाणी गाडीत न येऊ देण्याचं काम तिचं. आठवून बघा, तुम्ही किंवा आधीच्या मालकानं दारांत स्पीकर बसवले होते का? पॉवर विंडोचं काम झालं होतं का? घाईतला माणूस शीट फाडतो आणि पॅड तसंच ठोकून देतो. पॅड बसलं की बाहेरून काही कळत नाही. नवी जाड शीट कापा, ब्युटिलनं चिकटवा, आणि तिची खालची कड दाराच्या आत, पत्र्याच्या मागे उतरेल असं बघा. खालची कड बाहेर राहिली तर पाणी शीटवरून ओघळून सरळ तुमच्या मॅटवर येईल.

जुनं सिलिकॉन सगळं काढावं लागेल. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, रंगही धरत नाही. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका, रंग निघाला की तिथे गंज धरतो. बांबूची कामटी तासून घ्या आणि तिनं काढा. हार्डवेअरच्या दुकानातलं ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते उघड्या पत्र्याला गंजवतं. ते बाथरूमसाठी ठीक, गाडीत नको. पत्र्याच्या सांध्यांना सीम सीलर, चिकटवलेल्या काचांना पीयू (पॉलियुरेथेनचा चिकट सीलर), लाइट आणि शीटला ब्युटिल. एम-सीलही नको. गाडीचा पत्रा चालताना हलतो, एम-सील दगडासारखं होतं आणि तडकतं.

दरवाज्याचं रबर फाटलेलं नसेल आणि फक्त दाब कमी असेल तर ते बदलण्याआधी कुलपाचा हूक बघा. बहुतेक गाड्यांत तो बोल्ट सैल करून थोडा सरकवता येतो, तेवढ्यानं दरवाजा घट्ट बसतो. रबर साबणाच्या पाण्यानं धुवा आणि सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा. डिझेलच्या फडक्यानं रबर चमकवायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. डिझेलनं रबर फुगतं आणि मऊ पडतं.

खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतं. दुरुस्ती होईपर्यंत उभ्या गाडीचं ते काढून ठेवलं तर पाणी साचणार नाही. चालवताना मात्र लावा, नाहीतर त्याच भोकातून चिखल वर येईल. गाडी कोरडी झाली की खड्ड्याचा पत्रा वायर ब्रशनं घासा, गंज निघेपर्यंत. प्रायमर, मग सांध्यांवर सीलर, मग रंग. पत्र्यात आरपार भोक पडलं असेल तर वेल्डिंगशिवाय इलाज नाही. त्यावर डांबरी कोटिंग फासून देणाऱ्याकडे गाडी ठेवू नका, आतून पत्रा खातच राहतो.

आणि दुरुस्तीनंतर लगेच कार्पेट घालू नका. चार-दोन पाऊस उघड्या पत्र्यावर, जुनी वर्तमानपत्रं अंथरून काढा. कागद कोरडा राहिला की मगच सामान बसवा.

प्रश्न : मी वरूडजवळच्या गावात शिक्षिका आहे. मे महिन्यात, पावसाचा पत्ता नसताना, आमच्या जुन्या गाडीत पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाखाली पाणी येत होतं. नळाखाली गाडी धुतलीही नव्हती. हे कुठून आलं?

उत्तर : ताई, उन्हाळ्यातलं पाणी आणि एसी चालवत असाल, तर ते बहुधा एसीचंच. हवेतली वाफ आतल्या थंड जाळीवर पाणी होऊन टपकते आणि एका बारीक नळीनं गाडीखाली पडते. ती नळी धुळीनं बुजली की पाणी आत सांडतं. गाडी सावलीत उभी करून दहा मिनिटं एसी चालवा आणि खाली वाकून बघा. जमिनीवर थेंब नसतील तर नळी बुजली आहे. खालून हवेची हलकी फुंकर मारून ती मोकळी होते, तार खुपसू नका, आतली जाळी नाजूक असते.

फक्त एक तपासा. पाण्यात बोट बुडवून चोळा. एसीचं पाणी साध्या पाण्यासारखं लागतं. बोटाला बुळबुळीत लागलं, गोडसर वास आला, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर ते कूलंट आहे आणि हीटरची जाळी फुटली आहे. मग गाडी थांबवा, कूलंट कमी होऊन इंजिन तापेल. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्री-मांजरी चाटतात. त्या मॅट अंगणात टाकू नका.

प्रश्न : समोरची काच फुटली म्हणून नवी बसवली. पहिल्याच मोठ्या पावसात दोन्ही पुढच्या मॅट ओल्या. काच बसवणारा म्हणतो, काम पक्कं आहे. गाडी घरासमोर कडुनिंबाखाली उभी असते. (दर्यापूर तालुका)

उत्तर : काचवाल्यावर ठपका ठेवण्याआधी बोनेट उघडा. वायपरच्या खाली जी जाळी असते, तिच्याखाली पन्हाळ आहे. काचेवरून येणारं सगळं पाणी तिथे पडतं आणि दोन बाजूंच्या छिद्रांतून खाली जातं. कडुनिंब फाल्गुनात पानं गाळतो, मग फुलोरा, मग जूनच्या सुमारास निंबोळ्या. हे सगळं त्या पन्हाळीत साचून कुजतं, छिद्रं बुजतात, पाणी चढतं आणि हवा आत घेण्याच्या तोंडातून गाडीत उतरतं. एकाच वेळी दोन्ही मॅट ओल्या होतात, यावरून मला तेच वाटतं. जाळी काढून हातानं काला उपसा, मग मगभर पाणी ओता. ते दोन्ही चाकांमागून खळकन खाली आलं पाहिजे. तिथेच उंदरांनी वायरीभोवतीची रबरी बुचं कुरतडली आहेत का तेही बघा. हरभऱ्याची पोती घरात असली की ते गाडीतही येतात.

एवढं करूनही कोपऱ्यातून पाणी आलंच, तर काच. पीयू वाळायला वेळ लागतो. त्याच दिवशी सगळ्या काचा वर करून दार जोरात आपटलं तर आतल्या हवेचा दाब ओल्या पीयूला बाहेर ढकलतो आणि केसाएवढी वाट राहते. अशा वेळी वरून सीलर फासून घेऊ नका, काच काढून पुन्हा बसवायला सांगा आणि एक दिवस खिडकी बोटभर उघडी ठेवा.

झाड तोडायचा विचार तुम्ही पत्रात लिहिलाय, तो सोडा. दर अमावास्येला पाच मिनिटं बोनेट उघडून पन्हाळीत हात फिरवला की पुरे.